इनामगाव: घोड नदीकाठी ९०० वर्षे नांदलेले गाव आणि त्याचा शेवट

देशावरच्या जुन्या गावांत जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे माणसांच्या वस्तीची जागा. पांढरीला तो रंग माणसांमुळे येतो. चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, कुजलेले गवत, हाडे आणि खापरे यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत गेले, की जमीन उंचावते, भुसभुशीत होते आणि राखट दिसू लागते. म्हणून नदीकाठी, जिथे आज घर नाही की देऊळ नाही, अशा ठिकाणी पांढऱ्या मातीचे टेकाड दिसले, तर तिथे कधीकाळी गाव नांदत होते असे खुशाल समजावे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर, इनामगावजवळ अशीच काही टेकाडे आहेत. त्यांतल्या मुख्य टेकाडाचा विस्तार सुमारे पाच हेक्टर आहे, आणि त्याच्या पोटात एका गावाचा जन्म, भरभराट आणि शेवट असा सगळा इतिहास थरांनी रचून ठेवलेला होता.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी बारा हंगाम येथे काम केले आणि त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे बहुतेक उत्खननांत टेकाडाच्या माथ्यापासून तळापर्यंत एक अरुंद चर खणतात. त्यामुळे कोणत्या काळानंतर कोणता काळ आला हे कळते, पण गाव कसे दिसत होते हे कळत नाही. इनामगावला उभ्या चराऐवजी आडवे, विस्तीर्ण क्षेत्र उघडण्यात आले आणि शंभराहून अधिक घरे उजेडात आली. त्यामुळे कोणाचे घर कोणाच्या शेजारी होते, धान्य कुठे साठवले जाई, कारागीर गावाच्या कोणत्या बाजूला राहत, हे प्रश्न विचारणे शक्य झाले. लेखनकला अजून येथे पोहोचलेली नव्हती अशा काळातील गावाबद्दल इतके तपशील मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि महाराष्ट्राच्या शालेय इतिहासात इनामगाव एखाद्या परिच्छेदात उरकले जाते याचे म्हणूनच मला वाईट वाटते.

या गावाचा काळ उत्खननकारांनी तीन टप्प्यांत मांडला आहे. इ.स.पू. सुमारे १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा टप्पा, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे संस्कृतीचा आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे संस्कृतीचा. माळवा हे नाव मध्य भारतातील प्रदेशावरून आले आहे. नर्मदाकाठच्या नावडाटोलीसारख्या ठिकाणी या लोकांची मोठी वस्ती होती आणि तिकडूनच त्यांच्यातील काही जण दख्खनेत उतरले असे मानले जाते. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील प्रवराकाठचे गाव. तेथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननात एक विशिष्ट प्रकारची मातीची भांडी प्रथम ओळखली गेली, म्हणून त्या संस्कृतीलाच ते नाव पडले. तांबे माहीत होते, पण ते दुर्मिळ असल्याने बहुतेक हत्यारे गारगोटीच्या पात्यांचीच असत. म्हणून या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात. लोखंड अजून आलेले नव्हते.

ही वर्षे ठरवतात कशी, हे थोडक्यात सांगायला हवे. जळलेल्या लाकडात किंवा धान्यात कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो. झाड जिवंत असेपर्यंत तो हवेतून भरून निघत राहतो आणि झाड मेल्यावर तो ठरावीक गतीने कमी होऊ लागतो, सुमारे ५७३० वर्षांत निम्मा. उरलेले प्रमाण मोजले, की लाकूड किती जुने आहे याचा अंदाज येतो. एखाद्या चुलीतील कोळशाचे वय कळले, की त्या चुलीच्या थरातील घराचे आणि भांड्यांचेही वय साधारण ठरते. ९०० वर्षांचा हा अवधी किती मोठा आहे हे जाणवायचे असेल, तर ज्ञानेश्वरी १२९० मध्ये लिहून झाली हे आठवावे. ज्ञानदेवांपासून आपल्यापर्यंत जेवढा काळ लोटला, त्याहून अधिक काळ इनामगाव एकाच जागी नांदत होते.

पहिल्या लोकांनी ही जागा का निवडली असावी, हे नकाशा पाहिल्यावर लक्षात येते. सह्याद्रीत उगम पावून घोड पूर्वेला वाहते आणि भीमेला मिळते. सह्याद्री ओलांडून आलेले ढग येथे पोहोचेपर्यंत रिते झालेले असतात, त्यामुळे हा भाग पर्जन्यछायेत मोडतो आणि सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. तोही दरवर्षी येईलच असे नाही. मात्र नदी घाटमाथ्याचे पाणी घेऊन येते, काठावर गाळाची जमीन असते, आणि लोखंडी फाळाशिवाय ती कसता येते. भारी काळ्या जमिनीचे तसे नाही. म्हणजे आकाशाने हात आखडला तरी नदीने तारावे अशी ही जागा होती. गावाचे सगळे पुढचे भवितव्य या एका गोष्टीत दडलेले आहे.

पूर्व जोर्वे काळ हा गावाच्या भरभराटीचा काळ. त्या काळातील एक घर जवळून पाहू. भिंती आणि छप्पर तर केव्हाच गेले. मग घर ओळखायचे कसे? जमिनीत रोवलेला लाकडी खांब कुजून गेला, की त्याच्या जागी वेगळ्या रंगाची, सैल मातीची एक वाटोळी खूण राहते. अशा खुणा रांगेने सापडल्या, की भिंत कुठून कुठे गेली होती ते कळते. या घराची रूपरेषा लांबट चौकोनी आहे. भिंती मातीच्या, बुटक्या, वर कूड आणि त्यावर चिखलाचा लेप. छप्पर गवताने शाकारलेले. जमीन सारवलेली. आत एक लंबगोल आगटी. एका बाजूला जमिनीत खणलेले पेव, म्हणजे धान्य साठवण्याचा खड्डा. दुसऱ्या बाजूला मातीचा वाटोळा ओटा, ज्यावर धान्याची कणगी ठेवलेली असे. काही ठिकाणी चार चपटे दगड बैठकीसारखे मांडलेले आहेत. त्यांवर रांजण बसत असे. कूड, पेव, कणगी, रांजण हे शब्द आजही मराठीत जिवंत आहेत आणि त्या वस्तू वापरलेली माणसेही अजून आपल्यात आहेत, त्यामुळे तीन हजार वर्षांपूर्वीच्या या घरात आपल्याला फारसे परके वाटत नाही.

ही घरे रांगेने बांधलेली होती आणि दोन घरांमध्ये माणसे जातील-येतील एवढी बोळ सोडलेली होती. गावाच्या मध्यभागी मोठी घरे होती, तर पश्चिमेच्या कडेला कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा अशा कारागिरांची वस्ती होती. मध्यभागी एक घर पाच खोल्यांचे होते आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. या शेजारावरून उत्खननकारांनी असा निष्कर्ष काढला, की ते गावप्रमुखाचे घर असावे आणि गावकऱ्यांकडून येणारा धान्याचा वाटा त्या कोठारात जमा होत असावा. याच घराच्या अंगणात मातीचा एक मोठा, चार पायांचा रांजण सापडला, ज्यात सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत होता. त्याचे पाय शाबूत होते.

पाय शाबूत होते हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की इनामगावात प्रौढ माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्याजवळून तोडत असत. मृताला घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात, उत्तरेकडे डोके करून उताणे निजवत आणि सोबत अन्नपाण्याची भांडी ठेवत. मृतात्म्याने घर सोडून जाऊ नये किंवा त्याने परत फिरून येऊ नये अशी काही कल्पना त्यामागे असावी. लहान मुलांसाठी रीत निराळी होती. दोन राखाडी मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली ठेवत आणि त्या पोकळीत मुलाचे शरीर असे. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतील फार मोठा वाटा मुलांचा आहे. ज्या सारवलेल्या जमिनीवर आई स्वयंपाक करत होती, तिच्याच खाली तिचे गेलेले मूल होते. उत्खननाच्या अहवालातील मोजमापे आणि आकृत्या वाचतानाही ही गोष्ट मनातून जात नाही.

हे गाव खात काय होते, हेही कळले आहे. चुलीतील आणि पेवांतील जळलेले दाणे पाण्यात मातीपासून वेगळे करता येतात, कारण ते तरंगतात. त्यावरून दिसते, की मुख्य पीक जवाचे, म्हणजे सातूचे होते. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगा आणि वाल होते, आणि बोरे-जांभळांसारखी रानफळेही लोक गोळा करत. गोठ्यात गाई-बैल, शेळ्या, मेंढ्या होत्या. यांतील गव्हाची नोंद लक्षात ठेवावी. जव कमी पाण्यावर तग धरतो, पण गव्हाला पाणी हवे. या पर्जन्यछायेत गहू घ्यायचा तर पाण्याची सोय करणे भाग होते.

ती सोय त्यांनी केली होती. पूर्व जोर्वे काळात गावाच्या कडेला सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल असा पाट खणलेला आढळला. त्याच्या जोडीला दगड-मातीचा, सुमारे २४० मीटर लांबीचा बांध घातलेला होता. नदीच्या पुराचे पाणी या बांधाने वळवून पाटात घेतले जात असावे. ज्यांच्याकडे लोखंडी पहार नाही, फावडे नाही, त्यांनी एवढे खोदकाम केले, याचा अर्थ किती घरांतील किती माणसांनी किती उन्हाळे त्यात घातले असतील याचा विचार करावा. शिवाय पाट एकदा खणून भागत नाही. दरवर्षी त्यातील गाळ काढावा लागतो, बांध फुटला तर तो पावसाळ्यापूर्वी बांधावा लागतो, आणि पाणी कोणाला आधी मिळणार हे ठरवावे लागते. हे काम कोणा एका कुटुंबाचे नव्हे. पाच खोल्यांचे घर, कोठार आणि पाट या तीन गोष्टी एकमेकींना धरून आहेत असे मला वाटते: कोठारातील धान्यावर पाटाचे काम करणारी माणसे पोसली जात असतील, आणि पाटाच्या पाण्यावर ते कोठार भरत असेल.

पुढे इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. इनामगावात परचक्र आल्याच्या, गाव जाळल्याच्या किंवा कत्तल झाल्याच्या खुणा नाहीत. जे दिसते ते असे: वरच्या थरांत लांबट चौकोनी घरे येईनाशी होतात आणि त्यांच्या जागी लहान, वाटोळ्या झोपड्या दिसू लागतात. तीन-चार झोपड्या एका अंगणाभोवती दाटीने उभ्या असतात. अशा झोपड्यांचे साम्य उत्खननकारांना त्याच परिसरात आजही फिरत्या जीवनक्रमात राहणाऱ्या लोकांच्या वस्त्यांशी दिसले. भांडीही बदलतात. पूर्वीची जोर्वे भांडी चांगली भाजलेली, टिचकी मारली तर खणखणणारी, नारिंगी-तांबड्या पृष्ठावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली असत. तोटीची भांडी आणि पोटाशी कंगोरा असलेले वाडगे ही तर त्यांची ओळखच होती. नंतरच्या भांड्यांत जाडेभरडेपणा येतो आणि नक्षी कमी होत जाते. भांडे नीट भाजायला भरपूर सरपण, चांगली भट्टी आणि तेवढ्याच कामावर पोट भरणारा कुंभार लागतो, आणि कुंभाराचे पोट भरायला शेतकऱ्याच्या घरी खाऊन उरेल एवढे धान्य लागते.

ते उरत नव्हते, असे जेवणाचे अवशेष सांगतात. उत्तर जोर्वे थरांत गहू मिळेनासा होतो. रानटी जनावरांची, विशेषतः हरणांची हाडे वाढतात, म्हणजे लोक शिकारीकडे अधिक वळले होते. गोठ्यात गाई-बैलांच्या मानाने शेळ्या-मेंढ्यांना महत्त्व येते, कारण त्यांना चारा-पाणी कमी लागते आणि त्यांना घेऊन दूरवर फिरता येते. माणसांच्या दातांनीही अशीच साक्ष दिली आहे. धान्याचा पिष्टमय घास दातांना चिकटतो आणि दात किडतात. म्हणून धान्यावर जगणाऱ्या लोकांत कीड अधिक आढळते. इनामगावात उत्तरार्धातील लोकांच्या दातांत किडीचे प्रमाण घटलेले दिसले. एरवी आनंदाची वाटावी अशी ही गोष्ट येथे पोटातील धान्य कमी झाल्याची खूण ठरते. त्या काळातील मुलांच्या हाडांच्या अभ्यासात त्यांची वाढ खुंटल्याच्या खुणा आढळल्या आहेत.

हे का झाले, या प्रश्नाला ढवळीकरांनी दिलेले उत्तर पावसाचे आहे. इ.स.पू. १००० च्या आसपास हवामान कोरडे होत गेले, पाट भरेनासा झाला, गहू गेला आणि शेतीवर उभे असलेले गाव हळूहळू पशुपालन आणि शिकारीकडे सरकले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. याला बळ देणारी बाब म्हणजे इनामगाव एकटे नव्हते. जोर्वे संस्कृतीच्या दोनशेहून अधिक वस्त्या महाराष्ट्रात माहीत आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक म्हणजे प्रवराकाठचे दायमाबाद, जिथे १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या धातूच्या सुप्रसिद्ध प्रतिमा मिळाल्या. तेही इ.स.पू. १००० च्या सुमारास ओस पडले. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यांतील बहुतेक गावे याच सुमारास उठली आणि भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारख्या मोजक्या ठिकाणी लोक आणखी तीन शतके चिकटून राहिले.

तरीही हे उत्तर पुरेसे आहे असे सर्व अभ्यासकांना वाटत नाही, आणि त्यांच्या शंका वजनदार आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळाशी हजारो वर्षांचा गाळ साचलेला आहे, आणि त्याच्या थरांवरून जुन्या काळचे पाऊसमान ताडता येते. त्या अभ्यासात प्रदीर्घ अवर्षणाचे दोन काळ दिसले: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २००० वर्षांपूर्वी सुरू झालेला. इनामगावची उतरती कळा साधारण ३००० वर्षांपूर्वीची, म्हणजे या दोहोंच्या मधली. एकूण हवा पूर्वीपेक्षा कोरडी झाली होती हे खरे, पण नेमके त्याच वेळी महाराष्ट्रभर महादुष्काळ पडला असे त्या गाळावरून म्हणता येत नाही. दुसरी शंका भूगोलाची आहे. पाऊसच कारण असेल, तर तुलनेने अवर्षणग्रस्त भीमेच्या खोऱ्यातील गाव मागे का राहिले? काही अभ्यासक तर वाटोळ्या झोपड्यांचा अर्थच वेगळा लावतात आणि येथे वर्षाचे बाराही महिने वस्ती असे हेच गृहीत धरू नये असे सुचवतात.

मला स्वतःला यात पाटाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. पाऊस थोडा कमी झाला म्हणून ज्यांनी साडेतीन मीटर खोल पाट खणला ते लोक लगेच हरले असतील असे वाटत नाही. पण सहाशे वर्षे एकाच काठावरची गाळाची जमीन पिकवली गेली होती. सरपणासाठी, खांबांसाठी आणि भट्ट्यांसाठी आसपासची झाडे तुटली होती. गुरांनी जवळचे गवत संपवले होते. अशा वेळी लागोपाठ चार-पाच वर्षे नदीला पुरेसे पाणी आले नाही, तर कोठार रिते होते, कोठार रिते झाले तर गाळ काढायला माणसे जमत नाहीत, आणि गाळाने भरलेला पाट पुढच्या चांगल्या पावसातही उपयोगी पडत नाही. दुष्काळ संपला तरी गाव सावरत नाही ते यामुळे. हा माझा अंदाज आहे, पण टेकाडातील क्रमाशी तो जुळतो: आधी गहू आणि मोठी घरे जातात, आणि माणसे त्यानंतरही कित्येक पिढ्या तिथेच राहतात.

या तीनशे वर्षांकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे मात्र मला अन्यायाचे वाटते. तेच लोक, त्याच जागी, मुलांना तशाच दोन मडक्यांत पुरत राहिले. घर लहान झाले, ताटातले अन्न बदलले, कळपामागे दूर जावे लागले, तरी त्यांनी घोडकाठ सोडला नाही. जोर्वेच्या इतर गावांतील लोकांनी जो निर्णय इ.स.पू. १००० ला घेतला, तो इनामगावकरांनी दहा-बारा पिढ्या लांबवला.

इ.स.पू. ७०० च्या सुमारास अखेर तेही गेले. ते कोठे गेले हे दाखवणारी वस्ती सापडलेली नाही, आणि जे लोक कळप घेऊन फिरू लागले त्यांचे पांढरीचे टेकाड होत नसते. खांबाचे खळगे, पेवे, सारवणाचे थर हे सगळे एका जागी राहणाऱ्यांचे अवशेष आहेत. त्याच काळात विदर्भात नायकुंड, माहुरझरी, टाकळघाट-खापा या परिसरांत लोखंड वापरणारे आणि मोठ्या शिळांची वर्तुळे रचून मृतांना पुरणारे लोक राहत होते. पश्चिम महाराष्ट्रात पुन्हा मोठी, भरलेली गावे आणि नगरे दिसू लागतात ती त्यानंतर काही शतकांनी, मौर्य आणि सातवाहन काळाच्या सुमारास, आणि तेव्हा कुणब्यांच्या हाती काळी जमीन फोडणारे लोखंड होते. नवी वस्ती गाळाचा काठ सोडून काळीत पसरली.

घोडकाठचे टेकाड मात्र मागेच राहिले. अशा टेकाडांची माती राखेमुळे आणि हाडांमुळे कसदार असते, म्हणून देशावरचे शेतकरी पूर्वापार ती गाड्या भरभरून खतासाठी नेत आले आहेत, आणि धाब्याच्या घरांवर पसरायलाही ती वापरत आले आहेत. दख्खनेतील कितीतरी पांढऱ्या याच रीतीने काळीत मिसळून गेल्या.